बाळ तोंडच उघडत नाही: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लहान बाळांच्या खाण्याबद्दल आलेल्या पत्रांतली सहा पत्रे या अंकात घेतली आहेत. उत्तरे बालरोग आणि बालविकास या क्षेत्रांत रोज काम करणाऱ्यांनी दिली आहेत. बाळाचे वजन घटत असेल, लघवी कमी होत असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा वारंवार उलट्या होत असतील, तर हे सदर वाचत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

प्रश्न : माझी मुलगी १६ महिन्यांची आहे. १३ व्या महिन्यात ७.९ किलो होती, आता ८.२ आहे. चालायला लागल्यापासून खाण्यात तिचे लक्षच नाही. दोन घास घेतले की उठून पळते, मग मी वाटी घेऊन खळ्यात तिच्या मागे. मोबाइल लावला तरच तोंड उघडते. एकेका जेवणाला तास-सव्वा तास जातो. रात्री दोन वेळा बाटलीने दूध घेते. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही. मग खात का नाही? (एक आई, शृंगारतळी)

डॉक्टरांनी तपासले आहे, ही पहिली पायरी झाली. त्यात हिमोग्लोबिन आणि लघवी पाहिली नसेल तर तेवढी करून घ्या. लोहाची कमतरता आणि लघवीतला जंतुसंसर्ग ही भूक मारणारी कारणे बाहेरून दिसत नाहीत.

तेही ठीक निघाले तर तुम्ही लिहिलेले चित्र ओळखीचे आहे. वॉशिंग्टनमधल्या बालमनोविकारतज्ज्ञ आयरीन चाटूर यांनी अशा मुलांचा दीर्घ अभ्यास केला. या मुलांना भोवतालचे कुतूहल जबर असते आणि पोटातून येणारी भुकेची सूचना त्यापुढे फिकी पडते. खळ्यात कोंबडी दिसली की भूक विसरली. मूल स्वतः चालू-खाऊ लागते त्या ९ ते १८ महिन्यांच्या काळात हे उठून दिसते. वजन रेंगाळते, घरचे घाबरतात, भरवण्याचा जोर वाढतो, आणि त्या जोरापुढे होती नव्हती ती भूकही जाते. यात तुमचा दोष नाही आणि मुलीचा हट्टीपणाही नाही.

वजनाचा हिशेब मात्र स्पष्ट ठेवा. दुसऱ्या वर्षात मूल वर्षभरात दोन-अडीच किलोच वाढते, म्हणजे महिन्याला साधारण २०० ग्रॅम. तुमची मुलगी तीन महिन्यांत ३०० ग्रॅम वाढली, म्हणजे अपेक्षेच्या निम्मी. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात ती अजून हिरव्या पट्ट्यात आहे, पण खालच्या कडेकडे. आताच हालचाल करायला हवी.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची वाटणी सोप्या शब्दांत मांडली आहे: काय, कधी आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने. तुमच्या घरी सध्या नेमके उलटे चालू आहे. कधी आणि कुठे हे ती ठरवते, किती हे तुम्ही.

आधी वेळा बांधा. साडेसातला न्याहारी, अकराला थोडे काही, दीडला जेवण, साडेचारला पुन्हा थोडे, आठला रात्रीचे जेवण. पंधरा मिनिटे इकडेतिकडे झाली तर चालेल, पण दोन खाण्यांत अडीच-तीन तास हवेतच, आणि मधल्या वेळात फक्त पाणी. बिस्किट नाही, शेजाऱ्यांनी हातावर ठेवलेला लाडू नाही, रस नाही. दूध जेवणानंतर, पेल्याने, दिवसभरात मिळून ४०० ते ५०० मिलिलिटरच्या आत. रात्रीच्या बाटलीतले दूध दर दोन-तीन रात्रींनी ३० मिलिलिटरने कमी करत न्या. रात्रीत ४०० मिलिलिटर गाईचे दूध गेले तर अडीचशे कॅलरी पोटात गेल्या. ते मूल सकाळी भुकेने उठणार कसे?

जागा एकच ठेवा. पाटावर बसवत असाल तर तिची पाठ भिंतीला टेकू द्या. खुर्चीवर बसवत असाल तर पाय लोंबकळत ठेवू नका, खाली पालथे घमेले ठेवा. पाय टेकले नाहीत तर मूल तोल सावरण्यात गुंतते आणि चुळबुळ वाढते. ताटलीत एक मोठा चमचा वरणभात, एक लहान चमचा भाजी, बस्स. संपवून हात पुढे आला तर पुन्हा वाढा. एक चमचा तिच्या हातात, दुसरा तुमच्या. सांडेल, केसांना लागेल. तोंड अगदी शेवटी एकदाच पुसा, दर घासाला पुसल्याने मुले वैतागतात.

जेवण २० ते ३० मिनिटांचे. ती उठली, ताटली फेकली किंवा तोंड फिरवून बसली तर ‘जेवण झालं’ एवढेच म्हणून ताट उचला. रागावू नका, विनवण्या करू नका. ‘शहाणी गो माझी बाय’ हे कौतुकही खाण्यावरून नको. कौतुकासाठी खाणारे मूल पोटाकडे लक्ष देत नाही.

घर डळमळते ते यानंतर. अर्ध्या तासाने ती रडेल आणि कोणीतरी मायेने दुधाचा पेला आणेल. त्या पेल्याने तिला कळते की जेवण सोडले तरी चालते. म्हणून सुरुवात करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून हे सांगा. पहिले तीन-चार दिवस ती बहुधा आणखी कमी खाईल. दुसऱ्या आठवड्यात भूक दिसू लागते. वजन रोज करू नका. महिन्यातून एकदा, अंगणवाडीतल्या त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत करा.

मोबाइल सर्व जेवणांतून काढा, मोठ्यांचासुद्धा. पडद्याकडे पाहताना मूल तोंड उघडते, पण आपण काय खातो, पोट कधी भरले, हे त्याला कळतच नाही. भारतीय बालरोग अकादमीने २०२१ मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. बाबा मुंबईला असतील तर त्यांचा कॉलही जेवणाच्या वेळी नको, नंतर करा. ‘एक घास काऊचा, एक घास चिऊचा’ मात्र बंद करू नका. ती ऐकत तुमच्याकडे पाहते आहे आणि आपणहून तोंड उघडते आहे, तोवर ते गाणे छानच. तिचे लक्ष काऊकडे वळवून घास सरकवायला ते वापरू लागलात की त्याचा मोबाइल झाला.

आणखी एक करून पाहा. फोन खिडकीत, तिला दिसणार नाही असा ठेवून एका जेवणाचे चित्रण करा आणि रात्री आवाज बंद करून दहा मिनिटे पाहा. फक्त चमच्याकडे पाहा. ती मान डावीकडे फिरवते, चमचा डावीकडे जातो. ती हात आडवा धरते, तुमचा दुसरा हात तो बाजूला करतो. ती रडायला तोंड उघडते आणि त्या क्षणी चमचा आत जातो. तिच्या बाजूने पाहिले तर तोंड उघडणे धोक्याचे आहे, हेच ती शिकते आहे. दुसऱ्या दिवशी चमचा तिच्या ओठांपासून वीतभर अंतरावर थांबवा आणि ती पुढे येईपर्यंत हलवू नका.

एक इशारा. ही पद्धत हिरव्या पट्ट्यातल्या, बाकी निरोगी मुलांसाठी आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय भुकेचा कोणताही प्रयोग करू नका. ११.५ पेक्षा कमी म्हणजे अतितीव्र कुपोषण, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या.

प्रश्न : मुलगा ११ महिन्यांचा आहे. त्याच्या जेवणाची वेळ जवळ आली की माझ्या छातीत धडधडते. नवरा मुंबईला असतो, रोज फोनवर विचारतो, किती खाल्लं? सासूबाई भरवतात तेव्हा तो खातो, माझ्याकडून नाही. त्या म्हणतात, तुला भरवता येत नाही. मला त्याचा राग येतो आणि मग स्वतःचा. (एक आई, वेंगुर्ले तालुका)

हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे केलेत. दिवसातून पाच वेळा नाकारले जाणे कोणालाही सोसत नाही. अकरा महिन्यांचे मूल तुमचा चेहरा वाचते. तुमचे ओठ आवळलेले, खांदे वर चढलेले दिसले की समोरची वाटी भीतीची आहे असे ते धरते. सासूबाईंना तेवढी काळजी नसेल, म्हणून त्यांच्याकडे त्याला सोपे जाते. मुलाचे प्रेम कोणावर किती, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आधी एक पाहून घ्या. सासूबाई त्याला पायांवर आडवा घेऊन, हात दाबून बोंडल्याने तर ओतत नाहीत ना? तसे असेल तर ते खाणे धरू नका, त्यात अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे. बसवून, हात मोकळे ठेवून भरवत असतील तर दोन जेवणे खुशाल त्यांच्याकडे द्या. तुम्ही एकच घ्या, तो सर्वांत भुकेला असतो ते.

आणि दिवसातून पंधरा मिनिटे त्याच्यासोबत जमिनीवर बसा, खाण्याची कोणतीही वस्तू जवळ न ठेवता. तो जे उचलेल तेच तुम्ही उचला, तो जो आवाज काढेल तोच काढा. शिकवू नका, सुधारू नका. तुमचा हात जवळ येतो तो दर वेळी चमचा घेऊन येत नाही, हे त्याला पुन्हा कळायला हवे. त्याच्या खुणाही तिथेच वाचता येऊ लागतील. भूक असताना तो पुढे झुकतो, भांड्याकडे हात नेतो. पोट भरले की घास तोंडात घोळवतो, मान फिरवतो, चमचा ढकलतो. पहिल्यांदा मान फिरवल्यावर क्षणभर थांबा, दुसऱ्यांदा फिरवली की जेवण संपले.

तुमच्या नवऱ्यासाठी एक वाक्य: ‘किती खाल्लं’ऐवजी ‘तू जेवलीस का’ असे विचारा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, बाळ झोपल्यावरही झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर हे प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. ते पहिल्या वर्षात कधीही येते आणि उपचाराने बरे होते. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही बोलते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर त्या क्षणी घरातल्या कोणाला तरी सांगा, बाळ त्यांच्याकडे द्या आणि दवाखान्यात जा.

प्रश्न : आमचे बाळ ३२ व्या आठवड्यात जन्मले. पाच आठवडे नाकातून नळी होती. आता ११ महिने झाले. चमचा दिसला की आकांत करते. दूधसुद्धा जागेपणी घेत नाही, झोप लागली की बाटलीने घेते. (आईवडील, चिपळूण)

पहिली गोष्ट वयाची. बाळ आठ आठवडे आधी आले, म्हणजे खाण्याच्या दृष्टीने ते नऊ महिन्यांचे आहे. अपेक्षा त्या वयाच्या ठेवा.

जागेपणी नकार आणि झोपेत पिणे ही जोडी फार काही सांगते. त्याला चोखता-गिळता येते, भूकही आहे, भीती आहे ती तोंडाशी येणाऱ्या वस्तूची. नळी, नाक-तोंड साफ करणारी नळी, चिकटपट्टी ओढून काढणे, हे सगळे त्याच्या चेहऱ्यावर झाले. त्यातून आलेली ही भीती जबरदस्तीने पक्की होते, म्हणून आजपासून जबरदस्ती पूर्ण बंद. झोपेतले दूध मात्र एकदम बंद करू नका, वजन त्यावर टिकून आहे. डोके-छाती उंचावर धरून पाजा.

पहिल्या टप्प्यात चमचा तोंडाकडे जातच नाही. मालिश करताना पावलांपासून सुरू करून हात, खांदे, गाल असे वर या आणि ओठांपर्यंत त्याचाच हात न्या. दुसऱ्या टप्प्यात रिकामा चमचा खेळणे म्हणून हातात द्या, जेवणाच्या वेळी नव्हे. चावला, फेकला तरी चालेल. मग त्याच चमच्याचे टोक ओळखीच्या दुधात बुडवून त्याच्या हातात द्या. त्यानंतर ताटलीवर घट्ट मऊ अन्नाचा बोटभर थर. हात बरबटला आणि बोट आपोआप तोंडात गेले, की मोठे काम झाले. एका टप्प्यावर तो सलग दोन-तीन दिवस निवांत राहिला तरच पुढे जा. पाठ ताणून मागे फेकली, मान फिरवली, तर एक पायरी मागे. हे आठवड्यांचे काम आहे, दिवसांचे नाही. दुधाच्या बाबतीत रोज थोडे लवकर, डोळे जड होताहेत पण मिटलेले नाहीत तेव्हा पाजून पाहा.

मात्र हे घरी सुरू करण्याआधी गिळणे सुरक्षित आहे याची खात्री हवी. पिताना खोकला, पिऊन झाल्यावर घशात घरघर, ओला आवाज, वारंवार न्यूमोनिया, यातले काही असेल तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या वाचाउपचारतज्ज्ञांकडे जावे लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे चालतात. तुमच्या जिल्ह्यातल्या केंद्राची चौकशी आशाताईंकडे करा. तिथली सेवा विनाशुल्क असते.

प्रश्न : नात नऊ महिन्यांची. आमच्या घरी सगळी पोरे पेजेवर वाढली. सून म्हणते, पेज नको, घट्ट खायला द्या. घट्ट दिले की ती उबळ काढते. मग कोणाचे खरे? (एक आजी, मालवण)

आजी, पेज वाईट नाही, पण या वयात ती एकटी पुरत नाही. नऊ महिन्यांच्या, आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी २४० मिलिलिटरच्या आसपास मावते. एका मोठ्या चमच्याभर तांदळाची तेवढी पातळ पेज दिली तर पोट गच्च भरते आणि मिळतात जेमतेम ५० कॅलरी. ९ ते ११ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाव्यतिरिक्त दिवसाला साधारण ३०० कॅलरी लागतात. ‘पोटभर जेवते तरी बाळसे धरत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते.

दोन मोठे चमचे उकडे तांदूळ आणि एक मोठा चमचा मूगडाळ धुऊन, मऊ होईपर्यंत शिजवा, शिजून साधारण एक वाटी होईल एवढेच पाणी ठेवा. वरून एक लहान चमचा तूप. यात २०० च्या जवळ कॅलरी आहेत. दोन वेळांना अर्धी-अर्धी वाटी द्या, तिसऱ्या वेळी नाचणीचे सत्त्व किंवा कुस्करलेले केळे. चमचा तिरका केला तर ओघळू नये, एवढे घट्ट हवे. वर्षापर्यंत मीठ-साखर घालू नका, मध तर मुळीच नाही.

आता उबळीबद्दल. मिक्सरमधून काढू नका, गाळू नका, बोटांनी कुस्करा. बाळाची जीभ नऊ-दहा महिन्यांच्या आत गाठी हाताळायला शिकली नाही तर पुढे ती शिकवणे अवघड जाते. उबळ येताना बाळ आवाज करते, जीभ बाहेर काढते, डोळ्यांत पाणी येते आणि घास पुढे येतो. हा शरीराचा बचाव आहे, शांत बसून वाट पाहा. आवाज बंद झाला, रडता येत नाही, ओठ काळेनिळे पडू लागले, तर ते गुदमरणे. ताबडतोब बाळाला हातावर पालथे, डोके खाली धरून दोन खांद्यांमध्ये तळव्याने पाच थापा मारा. निघाले नाही तर उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा आणि मदत बोलावा. तोंडात बोट घालून चाचपडू नका. आठळ्या, शेंगदाणे, काजू, खोबऱ्याचा तुकडा या वयात अख्खे देऊ नका.

सुनेचे बरोबर आहे, आणि तांदूळ-मूगडाळ मऊ शिजवण्याचा तुमचा हातही तिला हवाच आहे.

प्रश्न : आमचे घर मासळीवर चालते आणि अडीच वर्षांचा मुलगा मासळीच्या वासाने ओकतो. खातो ते भात, आंबोळी, दूध, बिस्किट. भाजीचा कण दिसला तर ताट ढकलतो. (एक वडील, हर्णे)

दीड-दोन वर्षांनंतर नवे अन्न नाकारणे स्वाभाविक असते. पण वासाने ओकारी, एकाच रंगाचे-पोताचे पदार्थ आणि एकूण यादी चार-पाचांवर आलेली, म्हणजे त्याची वास-स्पर्शाची जाण जास्त तीव्र आहे. त्याला ते खरोखरच सहन होत नाही.

भातात मासा लपवू नका. एकदा सापडला तर तो भातही सोडेल. दर जेवणात त्याच्या यादीतला एक पदार्थ असू द्या आणि नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, शेजारी. गरम मासळीचा वास दरवळतो, म्हणून सुरुवात निवलेल्या, उकडलेल्या पापलेटाच्या काटे काढलेल्या नखाएवढ्या तुकड्याने करा. वाटी नुसती समोर राहू दे. मग हात लावणे, हुंगणे, ओठांना लावणे, थुंकणेसुद्धा. एक पदार्थ पत्करायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, आणि पुष्कळ घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळीच ‘याला आवडत नाही’ असा शिक्का बसतो. दुसरी वाट आंबोळीची: पिठात आज एक चमचा नाचणी, आठवड्याने दोन. एका वेळी एकच बदल. तोवर प्रथिनांसाठी दूध, मुगाचे घावणे, चालत असेल तर कुळथाची पिठी.

तो नावाने हाक मारल्यावर वळतो का, हवे ते बोटाने दाखवतो का, दोन शब्द जोडून बोलतो का, हे पाहा. यातले काही नसेल तर खाण्यासोबत विकासाची तपासणीही करून घ्या.

प्रश्न : भूक वाढवणारे टॉनिक द्यावे का? दात येताना मुले खात नाहीत असे म्हणतात. (अलिबाग)

दातामुळे भूक कमी होते ती दोन-चार दिवस. महिनाभर खात नसेल तर कारण दुसरे आहे. भूक वाढवणारी औषधे दुकानातून परस्पर आणू नका, काहींनी नुसती गुंगी येते. त्यापेक्षा सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आशाताईंकडे मिळणारे लोह-फॉलिक ॲसिडचे सिरप आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर द्या. ते दुधात मिसळू नका, दुधाने लोह नीट शोषले जात नाही. ताप असेल त्या दिवशी थांबा. जंतनाशक मोहिमेत एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी मिळते, दोन वर्षांपुढे पूर्ण. लहानांना ती नेहमी चुरून, पाण्यातून, बसवूनच द्या.